डस्टरचा ठोका

आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला सगळे घाबरायचे. त्यात मीही आले, आणि मी तर शिकवणारी. हे आता सांगायला हरकत नाही, कारण निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि माझं कोणी काही वाकडं करू शकत नाही. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका हायस्कुलात मी नोकरीचा सगळा काळ इंग्रजी शिकवलं. फळ्यावर लिहिण्यात, धडा समजावून सांगण्यात मी पक्की होते. पण कोणी साहेब समोर येऊन इंग्रजीत चार वाक्यं बोलू लागला, की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, त्यामुळे मला काही विचारायला सहसा कोणी धजायचं नाही. त्या रागाच्या आड माझी नोकरी सुखानं पार पडली.

मुलांचं सगळ्यांत मोठं दुखणं म्हणजे प्रिपोझिशन. आपण 'टेबलावर' म्हणतो तेव्हा 'वर' टेबलाच्या मागे चिकटूनच येतो, त्याला वेगळं शोधावं लागत नाही. इंग्रजीत तो आधी येतो आणि सुटा उभा राहतो. मी मुलांना सांगायचे, "आपल्याकडे हे शेपूट असतं, त्यांच्याकडे शिंग." मुलं हसायची आणि दुसऱ्या मिनिटाला विसरायची. त्यात सोमवार आला की ऑन, पाच वाजले की अ‍ॅट, मे महिना लागला की इन, गावाला निघालं की टू. एखादा धीट पोरगा "असं का?" म्हणून विचारायचा. मी डोळे वटारून त्याला खाली बसवायचे, कारण का ते मलाही धड माहीत नव्हतं.

वर्गात साठ-पासष्ट मुलं, वर पत्रे, आणि बोर्डाच्या पेपरात गाळलेल्या जागांचे हमखास गुण. मग मी माझी एक पद्धत काढली. वाक्य मोठ्यानं म्हणायचं, प्रिपोझिशनची जागा आली की गप्प व्हायचं आणि लाकडी डस्टर टेबलावर आपटायचा. ठोका पडला की सगळ्या वर्गानं एका आवाजात तो शब्द म्हणायचा. "द बुक इज," ठक, "ऑन!", "द टेबल." "शी इज अफ्रेड," ठक, "ऑफ!", "डॉग्ज." ठोक्याआधी बोललेलं मला चालायचं नाही. ठोका पडेपर्यंत विचार करायचा, मगच तोंड उघडायचं, असा नियम होता, आणि उतावळ्या पोरांना मी तासभर उभं करायचे. शेजारच्या वर्गातल्या भूगोलाच्या सरांचं सगळं शिकवणं आमच्या आरड्याओरड्यात बुडायचं. पण निकाल लागला की पेढे मागायला तेच सर पहिले यायचे. गाळलेल्या जागांत आमच्या मुलांना पैकीच्या पैकी पडायचे. दुसऱ्या शाळांतले शिक्षक माझा तास बघायला यायचे. एका कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळालं, ती शाल मी कितीतरी दिवस कपाटात समोरच ठेवली होती, दार उघडलं की दिसावी म्हणून.

या सगळ्यांत खणखणीत आवाज होता पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा. तिचं घर मूळचं जामखेडकडचं. वडील साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले तेव्हा बिऱ्हाड देवळाली प्रवऱ्याला आलं, आणि ती बेलापुरात मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकू लागली. ठोका पडायच्या आधीच तिचे ओठ तयार असायचे, पण ठोका पडेपर्यंत ती तो शब्द तोंडात धरून ठेवायची. माझा नियम तिच्याइतका कोणी पाळला नसेल. पुढे तिनं नर्सिंग केलं, नगरच्या एका हॉस्पिटलात लागली, दर दिवाळीला फोन करायची. तिच्या यशातला माझा वाटा मी मनातल्या मनात जरा मोठाच धरून चालले होते.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी ती स्कूटीवरून आमच्या दारात आली. चेहरा उतरलेला. पाणी दिलं तर पेला हातातच धरून बसली.

"मॅडम, मी इंग्रजीत दोनदा नापास झाले," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं कळलं. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं तिला नर्स म्हणून निवडलं होतं. पत्र आलं होतं, तिनं मोबाईलवर दाखवलं. फक्त त्यांची इंग्रजीची परीक्षा पास व्हायची होती. वाचणं, लिहिणं, ऐकणं या तिन्हींत ती सुटली होती, बोलण्यात दोन्ही वेळा अडकली होती. आता शेवटची संधी. या खेपेला झालं नाही तर जागा दुसऱ्या कोणाला देऊ, असं त्यांनी स्वच्छ कळवलं होतं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

खरं सांगते, मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं. पोरीनं एवढे क्लास लावले, ऑनलाइन काय काय केलं, आणि शेवटी आली ती माझ्याकडे.

"प्रिपोझिशन कच्ची राहिली असतील," मी निकाल देऊन टाकला आणि माळ्यावरून जुने पेपर काढले. चाळीस वाक्यं तिच्यापुढे टाकली. तिनं ती भराभर सोडवली. मी लाल पेन घेऊन तांदळातले खडे शोधावेत तशी चुका शोधत बसले. एक सापडली नाही.

मग माझा राग परीक्षा घेणाऱ्यांवर गेला. त्यांना आपल्या मुलींना पास करायचंच नसतं, गोऱ्यांच्या पोटात काय असतं ते मला विचार, असं बरंच काही मी बोलले. आमचे हे ओसरीवर खाटेवर पडून पेपर वाचत होते. जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांचं मराठी सुधारायचा मी लग्नापासून प्रयत्न केला आणि मग हात टेकले. ते तिथूनच म्हणाले, "अगं, ती लिहिन्यात कुठं नापास झालीय? बोलन्यात झालीय. मग तिला बोलायला लाव की."

त्यांचं म्हणणं बरोबर आहे हे मला आवडलं नाही, पण मी खुर्चीवर सरसावून बसले. म्हणाले, "समज, मी पेशंट आहे. माझ्या छातीत दुखतंय. बोल माझ्याशी."

तिनं सुरुवात केली. "प्लीज सिट," थांबली, "ऑन," मग "द चेअर. पुट युवर हँड," पुन्हा थांबली, "ऑन," मग "युवर चेस्ट. हाऊ लाँग हॅव यू बीन," थांबली, "इन," मग "पेन?"

शब्द सगळे बरोबर होते. पण दर शब्दाआधी ती इतकी थांबायची की छातीत दुखणारा माणूस घाबरूनच गेला असता. आणि थांबली की ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या उजव्या हाताकडे बघत होती. हात खुर्चीच्या दांड्यावर होता. चौथ्या की पाचव्या वाक्याला माझं बोट सवयीनं दांड्यावर आपटलं. त्याबरोबर तिच्या तोंडून शब्द बाहेर पडला, वर्गात पडायचा तसाच.

तिच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. चहा ठेवते म्हणून मी आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. पोरीला सगळं येत होतं. बारा वर्षं झाली शाळा सोडून, तरी ती प्रत्येक वाक्यात माझ्या ठोक्याची वाट बघत होती. आणि ती एकटीच असेल कशावरून? बँकेत, दुकानात, कुठल्या कुठल्या कंपन्यांत माझी पोरं बसली असतील आणि साहेबासमोर इंग्रजी बोलताना अशीच मध्येच थबकत असतील. त्यांना वाटत असेल की आपल्यालाच येत नाही. चहा उतू गेला तेव्हा मी भानावर आले.

बाहेर येऊन हे तिला सांगावं, तर ते धाडस मला झालं नाही. उलट मी तिच्यावरच ओरडले. "मध्येच थांबतेस कशाला? कोणी सांगितलं थांबायला?" ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं मॅडम." हे ऐकून मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "दर रविवारी येत जा. आपण वेगळ्या तऱ्हेनं करू."

वेगळी तऱ्हा म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं. ती आमच्या ह्यांनी काढली. परीक्षेत एक माणूस पेशंट होतो आणि नर्सनं त्याच्याशी बोलायचं असतं, एवढं त्यांना समजलं होतं. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा हे खाटेवर पाय पसरून, कपाळाला रुमाल बांधून तयार होते. "पेशंट मी," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला इंग्रजीतलं काय कळणार?" तर म्हणाले, "पेशंटाला कुठं काय कळतंय? ती बोलत हाय तवर मी पडून ऱ्हाईन. बोलनं थांबलं की तपासनं संपलं, मी उठून जाईन."

आणि खरोखरच तसं केलं त्यांनी. ती "प्लीज लाय डाऊन" म्हणून थांबली रे थांबली, की हे उठायचे, चपला घालायचे आणि अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालायला जायचे. ती मागून पळायची. "काका, संपलं नाही हो अजून." "मग गप का बसली पोरी? मला वाटलं, बरा झालो." पुन्हा येऊन पडायचे, पुन्हा कण्हायचे. कण्हणं इतकं खरं की शेजारीण एकदा भिंतीवरून डोकावून विचारून गेली. पहिल्या दिवशी ते किती वेळा उठले असतील त्याला गणती नाही. कढीपत्त्याच्या मुळाशी चिखल झाला आणि ह्यांचे गुडघे धरले.

मला ते दोन तास जड जायचे. एक तर मी तिच्या मागे बसायचे, माझा हात तिला दिसू नये म्हणून, आणि तो पदराखाली घट्ट धरून ठेवायचे. दुसरं म्हणजे ती बोलता बोलता चुकायची. पेपरात एक चूक न करणारी पोर बोलण्याच्या ओघात ऑनच्या जागी इन म्हणायची, टू गाळून टाकायची, आणि माझ्या जिभेला खाज सुटायची. मी वहीत चुका टिपायला लागले, तर ह्यांनी ती वही मागून घेतली आणि डोक्याखाली घातली. म्हणाले, "मी लई वर्सं गाडी चालवली. शिकाऊ पोराच्या शेजारी बसून सारखं हे चुकलं, ते चुकलं केलं, तर त्यो रस्त्याकडं बघत न्हाई, आपल्या तोंडाकडं बघतो." मी वही परत मागितली नाही, कारण पोरगी कुठे बघत होती ते मला ठाऊक होतं.

तिसऱ्या रविवारी ह्यांना पहिल्यांदा सलग चार-पाच मिनिटं पडून राहावं लागलं, आणि त्यांना खरीच झोप लागली. ती बोलत राहिली आणि मग आम्ही दोघी तोंड दाबून हसलो. शाळेत मी तिला कधी हसताना पाहिलंच नव्हतं, निदान माझ्या तासाला तरी.

परीक्षेआधीच्या रविवारी मात्र ती पुन्हा कोमेजली होती. तीन वाक्यं नीट गेली आणि चौथ्याला ती पहिल्यासारखीच अडली. हे उठले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. रडताना तिची बोली घरची झाली. "मला न्हाई जमणार मॅडम. सगळ्यांना जमतंय, मलाच का अडकतंय? पप्पांना सांगून टाकते, मी ढच हाय म्हणून."

तेव्हा मी सांगितलं. आता गप्प राहिले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं. तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "तू ढ नाहीस. तुला थांबायला मी शिकवलं. ठोका पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं मीच तुझ्या डोक्यात बसवलं, आणि तू इतकी गुणाची की अजून ते पाळतेस. तू दर वेळी माझ्या हाताकडे बघतेस. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. सांगायची हिंमत झाली नाही."

ती रडायची थांबली. मला वाटलं, आता चिडेल, आणि चिडली असती तरी मी ऐकून घेतलं असतं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या डोक्यात काही खोट नाही?"

"काहीच नाही."

"मग आधी सांगायचं ना मॅडम," ती म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि एवढा मोठा श्वास सोडला की ह्यांनी खाटेवरून मान वर करून बघितलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पण तो ठोका नसता तर मी दहावीला इंग्रजीत निघाले नसते. वर्गातल्या निम्म्या जणी निघाल्या नसत्या. मग कुठलं नर्सिंग आणि कुठलं काय." हे ती मला बरं वाटावं म्हणून बोलली की खरंच तिच्या मनात होतं, ते मी विचारलं नाही. ठोक्यानं तिला तारलं आणि अडवलंही, या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या एवढं मात्र मला कळलं, आणि महिनाभर आवळून धरलेलं काहीतरी छातीत सैल झालं. त्या दुपारी ह्यांना पुन्हा एकदाही उठावं लागलं नाही.

परीक्षा पुण्याला होती. निकाल लागायला दोन-तीन आठवडे गेले. त्या काळात मी देवाचं कधी नव्हे इतकं केलं आणि ह्यांच्यावर कधी नव्हे इतकी चिडले. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मॅडम, सुटले," एवढंच ती म्हणाली. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "पेशंट कसा हुता? माझ्यावानी?" ती पलीकडे हसत होती, ते मला इथे ऐकू येत होतं. मी निवडलेली आणि न निवडलेली मेथी एकत्र करून टाकली होती, ते नंतर लक्षात आलं. पुन्हा निवडायला बसले, पण काही वाटलं नाही. कितीतरी दिवसांनी भाजी निवडणं इतकं निवांत वाटलं.

जाण्याआधी ती आईवडिलांना घेऊन आली होती. वडिलांनी कारखान्यातल्या कामानं जाड झालेले, काळे डाग असलेले हात जोडले आणि आमच्या पंख्याचा आवाज येतोय म्हणाले, मग स्टुलावर चढून तो दुरुस्त करून दिला.

तिला जाऊन आता आठ महिने झाले. मागच्या आठवड्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. ड्यूटी संपवून ती हॉस्पिटलच्या बागेत बाकावर बसली होती. थंडी आहे म्हणत होती, नाक लाल झालं होतं. ह्यांनी तिथे ज्वारी मिळते का ते विचारलं. ती सांगत होती, आणि एकदम तिची नजर बाजूला गेली. तिनं फोन बाकावर ठेवला. आम्हाला नुसतं पांढरट आभाळ आणि एका झाडाची फांदी दिसायला लागली, पण आवाज येत होता. कोणी म्हातारबुवा वॉकर सोडून पायऱ्या उतरायला निघाला असावा. ती त्याला रागावली. केवढ्यानं रागावली. इंग्रजीत, एका दमात, न थांबता. कठड्याला धरा, पायऱ्यांपासून मागे व्हा, बाकावर बसा, माझा हात सोडू नका, परवाच पडला होतात ना, मग सांगितलेलं कळत नाही का, असं सगळं. म्हातारा काहीतरी पुटपुटला, तर त्यावरही तिनं त्याला सुनावलं. वर्गात मी रागवायचे तसा चढा आवाज होता, पण इंग्रजीत मी एवढं सलग कधीच बोलले नव्हते.

ह्यांनी विचारलं, "काय गं, काय म्हनली?"

मी सांगितलं, "पडाल म्हणाली."

"येवढंच?"

तिच्या बोलण्यात ऑन कुठे आला, फ्रॉम कुठे आला, बरोबर आला की चुकला, मला काही सांगता आलं नसतं. मी ऐकलंच नव्हतं. तो म्हातारा नीट बसला का, एवढंच मी ऐकत होते.